जिन्यावर बसलेली

आई, त्या सकाळी मीरा रोडच्या माझ्या दवाखान्याची लिफ्ट बंद होती. जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या अलीकडे पायरीवर एक मुलगी एकटीच बसलेली दिसली, दहा-अकरा वर्षांची. डोकं भिंतीला टेकलेलं, हात गुडघ्यांवर, ओठ जांभळट. माझे पाय थांबले. ताई अशीच बसायची, भाईंदरच्या आपल्या चाळीत. अजून दिसतं मला : तू स्टोव्हपाशी भाकऱ्या थापतेयस आणि आतूनच ओरडतेयस, "नाटकं पुरे, वर ये." आणि ताई खालून म्हणतेय, "येते गं, छातीत कोणीतरी दार वाजवतंय."

मुलीला तिची आई भाईंदरपलीकडच्या डोंगरीहून घेऊन आली होती. ती पुढे जाऊन नंबर लावत होती. "धावली का पडते," ती मला म्हणाली. "डोलं फिरवते. फिटच्या गोळ्या चालू हायत, पन फरक न्हाय." मी मुलीला विचारलं, पडायच्या आधी काय होतं? ती म्हणाली, "आतून कोनतरी दार वाजवतंय." मी स्टेथोस्कोप तिच्या छातीवर ठेवला आणि तिला लगेच आत घेतलं.

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला खोलीत अंधार केला. पडद्यावर हृदयाचा उजवा कप्पा फुगून डाव्याला दाबत होता. फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत दाब फार वाढला होता. अशा मुलानं धाव घेतली की हृदयाला तेवढं रक्त पुढे ढकलता येत नाही, मेंदूला कमी पडतं आणि मूल कोसळतं. फिट नव्हतीच ती. ताईचीही नाटकं नव्हती, आई. मी पडद्याकडे बघत असताना मुलगी हळूच म्हणाली, "ती गेली का?" कोण, म्हटलं. "जिन्यावर माझ्या बाजूला बसलेली. हळू चढ, म्हनाली मला. तिच्या पायात एकच चप्पल होती."

त्या सकाळी जिन्यावर दुसरं मूल नव्हतं, मी स्वतः पाहिलं होतं. ताई जिन्यात कोसळून गेली त्या दुपारी तिची दुसरी चप्पल तूच तळमजल्यावरून उचलून आणली होतीस. मुलीच्या आईला मी सांगितलं, मेंदूला रक्त कमी पडलं की असे भास होतात. होतातही. पण तिच्या बाजूला बसलेल्या त्या मुलीनं वेण्या कशा घातल्या होत्या, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

पुढे मोठ्या हॉस्पिटलात जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत घालून दाब मोजला. हृदयाला छिद्र नव्हतं, म्हणजे ऑपरेशन नाही, फक्त औषधं. फुफ्फुसांतला दाब उतरवणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या, पुरुषांना ताकदीसाठी देतात त्याच, तर केबिन रोडचा औषधवाला तिच्या आईला म्हणाला, "ये तो मर्दों की गोली है, बच्ची को कौन देता है?" ती गोळ्या न घेताच रडत माझ्याकडे आली. मी तिच्यासोबत त्या दुकानात गेले आणि म्हटलं, "फेफड़ों की नसों के लिए है. एक दिन भी बंद नहीं होनी चाहिए." तेव्हा कुठे त्यानं पाकीट पुढे केलं.

आठ महिने झाले, मुलगी पडलेली नाही. बरी झाली असं म्हणता येत नाही. गेल्या महिन्यात दुसरं औषध वाढवावं लागलं. शाळेत ती खेळाच्या तासाला वर्गातच बसते. पण ओठांचा रंग सुधारलाय, आणि परवा तपासायला आली तेव्हा आईशी खरवसावरून भांडत होती.

तू शेवटच्या आजारपणातही तेच म्हणायचीस, "मी माझ्या लेकराला नाटकी म्हटलं." मी तुझे पाय चेपत ऐकून घ्यायचे. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून आता लिहिता येतंय. त्या दुपारी तू हाक मारलीस त्याआधीच आमची जिन्यात शर्यत लागली होती. ताई नको म्हणत होती. मी तिला घाबरट म्हणाले, म्हणून ती पळाली.