सकाळी न वळणारे गुडघे

उस्मानपुरा, औरंगाबाद
२८ एप्रिल १९९६

ती. वैजनाथदादास,
अंबिकेचा शि. सा. न. वि. वि.

आमच्या पद्मजाच्या संधिवातावर औषध लागू पडतंय. रक्तातला दाह सांगणारा तो ईएसआर जानेवारीत अठ्ठ्याहत्तर होता, परवा चौतीस आला. गुडघ्यांची सूज जवळजवळ गेलीच. सासूबाई म्हणाल्या, पोरगी धावतेय, आता गोळ्या कशाला? पण डॉक्टरांनी बजावलंय की सूज आधी जाते, रक्त मागाहून शांत होतं. औषध मध्येच सोडायचं नाही.

सुट्टीत तिला तुमच्याकडे कन्नडला पाठवतेय. गोळी आठवड्यातून एकदाच, रविवारी. तुम्ही विसरलात तरी ती मागून घेईल. दहा वर्षांची आहे, पण हल्ली मलाच रागावते!

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.
तुमची,
अंबिका

कन्नड
१९ मे १९९६

चि. सौ. अंबिकास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेकीनं इथं काय केलं ते ऐक. आपल्या शेतावरच्या बन्सीची सात वर्षांची चंद्रकला सकाळी अंथरुणातून उठत नाही, उन्हं वर आली की मात्र चालते. म्हणून घरचे तिला कामचुकार ठरवून मोकळे झालेले. पद्मजानं तिच्याजवळ बसून तिचे गुडघे चाचपले, तर गरम लागले. मग थेट बन्सीपुढं उभी राहून म्हणाली, ही सोंग करत नाही, मलाही सकाळी असंच व्हायचं. बन्सी हसला, लई लाडाची भाची हाय म्हणाला. ही जागची हलली नाही. आपलं उजवं मनगट त्याच्यासमोर धरलं आणि सांगितलं की मला डॉक्टरकडे उशिरा नेलं, म्हणून हे आता पुरतं वळत नाही. बन्सीचं हसू तिथंच विरलं.

मंगळवारच्या एसटीनं बन्सी, चंद्रकला आणि पद्मजा, तिघांना घेऊन येतोय. तुमच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव.

जावईबापूंना नमस्कार. आठवण असू दे.
तुझा,
वैजनाथ

उस्मानपुरा, औरंगाबाद
२२ ऑगस्ट १९९६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मे महिन्यात चंद्रकलाचा ईएसआर ब्याण्णव आला होता, तुम्ही समोरच होतात. वेळेवर आणलंत, सांधे शाबूत आहेत, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा बन्सी नुसता पद्मजाकडे बघत राहिला होता. काल तो पोरीला तपासणीला घेऊन आला. आता ती सगळ्यांच्या आधी उठते, लई दमवते, असं सांगताना त्याला डोळे पुसावे लागले.

पद्मजाचंही रक्त कालच दिलं. संध्याकाळी दोघींचे रिपोर्ट घेऊन मी घरी आले. पद्मजाचा चौदा! गोळी अजून बरेच महिने आहे, तरी मला धीर धरवेना, मी दारातूनच तिचा कागद तिच्यापुढं धरला. तिनं तो बाजूला सारला आणि म्हणाली, आधी चंद्रकलाचा दाखव.

एकेचाळीस वाचून तिनं टाळी वाजवली. दादा, ही पोर माझ्या पोटी आली, याचा मला काल फार अभिमान वाटला.

मायेनं दोन ओळी धाडत जा.
तुमची,
अंबिका