दुसऱ्या मजल्याचे वायफाय

मी, कुमारी सरोजिनी चिंतामणी ताम्हाणे, वय सत्तावन्न, व्यवसाय शाळेत संस्कृत शिकवणे, राहणार नाडकर्णी चाळ, दुसरा मजला, गिरगाव, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण आणण्याचा प्रयत्न माझा धाकटा भाऊ शंतनु याने फोनवरून केला होता, रेंज गेली. गुडघे सोडल्यास प्रकृती ठीक. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. विनीत सामंत यांनी दिला आहे. शंतनूला तो मान्य नसल्यास त्याने डॉक्टरांशी भांडावे, माझ्याशी तेव्हा जमणार नाही.

१. वडिलांचा काळा फोन. चाळीतला हा पहिला. साऱ्या मजल्याच्या लग्नपत्रिकांवर आमचाच नंबर आणि पुढे 'पी.पी.', म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, हाक मारून बोलावतील. इंटरनेटचा उगम १९६९ साली अमेरिकेत झाला, असे माझी भाची, शंतनूची मुलगी मनवा सांगते. निरोपाचे तुकडे करायचे, निरनिराळ्या वाटांनी धाडायचे आणि पलीकडे जोडायचे, ही म्हणे त्यातली मुख्य युक्ती. आमच्या गॅलरीत 'कांताच्या आईला बरं नाही' हा निरोप तीन तोंडांतून निघे आणि गॅलरीच्या टोकाच्या नळाशी पोहोचेपर्यंत आई गेलेली असे. तिथे पाणी भरणाऱ्या आमच्या शेजारच्या कांतावहिनी रडत चप्पल शोधत. आई पुढे पुष्कळ वर्षे जगल्या. जोडताना मूळ निरोपापेक्षा जास्त मजकूर निघणे, ही सुधारणा अमेरिकेला तेव्हा सुचली नव्हती. ती पुढे व्हॉट्सअॅपवर झाली. फोन मनवाला. वाजत नाही.

२. मोडेम. देशात इंटरनेट लोकांसाठी खुले झाले १९९५च्या स्वातंत्र्यदिनी. आमच्याकडे ते तीनेक वर्षांनी शंतनूने आणले आणि मजल्याचे स्वातंत्र्य गेले. यंत्र घसा खाकरून लागले की फोन बंद. पडद्यावर एका मोराचे चित्र तुऱ्यापासून हळूहळू उतरू लागे. पाय दिसेपर्यंत कोणाचे स्थळ हुकलेले, कोणाचे गिऱ्हाईक पळालेले. मोर बघायला मात्र सगळे जमत. मोडेम शंतनूला.

३. माझी सर्व संस्कृत पुस्तके. शंतनु रोज सकाळी मला व्हॉट्सअॅपवर कळवतो की इंटरनेट आपल्याकडे वेदकाळापासून होते, आणि खाली विचारतो, 'ताई, तो श्लोक कुठला गं?' मी व्याकरणापासून वैद्यकापर्यंत धुंडाळले. निरोप न्यायला हंस सापडले, पोपट सापडले. वायर सापडली नाही. पुस्तकेही शंतनूलाच. अट एवढीच की श्लोक त्याने स्वतः शोधावा, आणि सापडेपर्यंत काहीही पुढे पाठवू नये. त्याचे उर्वरित आयुष्य शांततेत जाईल. इतरांचेही.

४. राहती खोली, आणि चाळ पाडून टॉवर झाल्यावर तिच्या बदली मिळणारे घर. हे शंतनूला मिळेल असा त्याचा समज आहे. तो दूर करणे भाग आहे.

माझे वायफाय पहिल्या दिवसापासून बिनकुलपाचे. फोन सगळ्यांचा होता, तर हे वेगळे का? गेल्या दिवाळीत शंतनु फराळाला आला आणि मी करंज्या तळत असताना त्याने पासवर्ड घातला.

"ताई, कोणीही शिरेल गं तुझ्या नेटवर्कमध्ये!"

"शिरू दे. चहा घेऊन जाईल."

"तुला सिक्युरिटी कळत नाही."

"तुला शेजार कळत नाही. काढ तो."

"बरं बाबा, काढतो," म्हणाला, आणि न काढता गेला. माझ्या फोनात त्याने तो घालून ठेवला होता, त्यामुळे माझे वायफाय चालू. मला पत्ता नाही.

शेजारच्या कांतावहिनींचा मुलगा टोरांटोला असतो. रोज संध्याकाळी तो माझ्या वायफायवरून त्यांना नातू दाखवी, अनिश. दिवाळीनंतर त्यांच्या खोलीतला तो गलका थांबला. तुळशीच्या लग्नाला त्या ताट परत द्यायला आल्या तेव्हा मी विचारले.

"नाय करत गो आता फोन," त्या म्हणाल्या. "कामात असतील. म्हाताऱ्या माणसाचं तोंड बघून बघून किती बघायचं?"

मी मनवाला बोलावले. तिने कुलूप काढले. वहिनींचा फोन तेव्हाच खणखणला. अनिश चालू लागला होता. त्याची पहिली पावले शंतनूच्या सिक्युरिटीत गेली.

म्हणून खोली व घर मनवाला. अट: तेथील वायफाय ~~श्रीमती कांता परुळेकर यांना हयातभर~~ खुले ठेवावे.

५. वरील खाडाखोडीबाबत खुलासा. साक्षीदार म्हणून वहिनींना बोलावले. मनवा म्हणाली, "आजी, ज्याला काही मिळतंय तो साक्षीला नसलेला बरा. बाबा उगाच भांडतील."

"मग माझं नाव काढ गो. सही मीच करणार. सरोजिनीच्या बापाच्या मृत्युपत्रावरही माझीच सही होती," वहिनी म्हणाल्या.

"अहो वहिनी, आणि तुमचं वायफाय?" मी विचारले.

"का? तू दार लावून घेणार आहेस?"

सबब नाव खोडले आहे. अट आता अशी वाचावी: माझ्या घराच्या वायफायला कोणीही, कधीही पासवर्ड घालू नये. ते कोणासाठी खुले, हे लिहिलेले नाही.

हे माझे अखेरचे मृत्युपत्र. यापूर्वी मी काही लिहिले असल्यास ते शंतनूच्या संदेशांइतकेच खरे मानावे.

गिरगाव, मुंबई. दि. ९ फेब्रुवारी २०२५.

(सही) सरोजिनी चिंतामणी ताम्हाणे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. विनीत सामंत
२. (सही) कांता बाबुराव परुळेकर, शेजारीण. सही चालू असतानाच टोरांटोहून फोन आला, त्यामुळे शेवटचे अक्षर कागदाबाहेर गेले आहे. ते ग्राह्य धरावे.