बंद यंत्राखालचं तेल

यावल, ता. १२ मार्च १९३८

प्रिय रुपचंद,

तुझं कार्ड परवा मिळालं. डाव्या हातानं लिहिलेलं अक्षर मला आधी ओळखूच आलं नाही. मजकूर एका ओळीचा: 'करवत अजून गळते का?' दीड वर्षानंतर तू एवढंच विचारलंस, आणि नेमकं तेच विचारलंस.

नाही, करवतीच्या यंत्रातून आता तेल गळत नाही. पण ती थांबायला फार दिवस गेले. तू भडगावला गेल्यावर जीवरामशेठनी जळगावहून मिस्त्री आणला. त्यानं चक्रीच्या दांड्याचं बेअरिंग उघडलं, चामड्याचे वायसर बदलले, तेलाच्या वाटीला डाग दिला. संध्याकाळी बघावं तर खाली थेंब नाही. सकाळी वखार उघडावी तर पुन्हा थारोळं! आपला भटू डोक्याला हात लावून म्हणायचा, "बठ्ठं तेल जमिनच पी ऱ्हायनी." शेवटी शेठ वैतागले, यंत्र विकून टाकतो म्हणाले. ते गेलं असतं तर आम्ही आठ माणसं कुठं जाणार होतो? तू वर, मी खाली, अशी मोठी करवत ओढायचे आपले दिवस गेले रे. आता ते काम कुणी देत नाही.

मग गेल्या महिन्यात एक गंमत झाली. घरात बादलीच्या काठावर एक फडका राहिला होता, एक टोक पाण्यात, दुसरं बाहेर लोंबतंय. आम्ही बाजारातून आलो तर बादली अर्धी आणि जमीन ओली. मी बादली उचलून भोक शोधू लागलो. तुझी हसीना वहिनी हसायला लागली. "भोक कसलं शोधता? फडका पाणी ओढतोय. टोक बाहेर काढा, थांबेल."

मी तसाच वखारीकडे निघालो. वाटीतलं तेल दांड्याला पोचवायला सुताची वात असते ना, तीही तशीच ओढत होती. करवत चालू असताना ते तेल दांडा खायचा. बंद झाली तरी वात ओढतच राहायची आणि सगळं खाली जायचं. यंत्रात फुटलेलं काहीच नव्हतं. काम संपलं की वात वर काढून ठेवायची, सकाळी पुन्हा सोडायची, झालं. दुसऱ्या दिवशी करवतीखालची जमीन कोरडी होती. भटू नाचला. मी मात्र एका ओंडक्यावर बसून रडलो. सगळ्यांना वाटलं, आनंदानं रडतोय.

रुपचंद, त्या सकाळचं तेल पुसून भुसा टाकायचं काम माझं होतं. मला उशीर झाला होता, म्हणून मी न पुसताच करवत सुरू केली. तू फळी घेऊन आलास, पाय घसरला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. शेठनी विचारलं, "नासीर, तेल पुसलं होतंस?" मी म्हणालो, "हो. रुपचंदच घाईत होता." तू बांधलेला हात छातीशी धरून ऐकत होतास. तुला खरं माहीत होतं, तरी तू दोष अंगावर घेतलास आणि काम सोडून भडगावला गेलास.

गेल्या सोमवारी मी हे सगळ्यांसमोर शेठना सांगितलं. भटू अजून माझ्याशी बोलत नाही. शेठनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याला बोलाव." चक्रीच्या दातांना धार लावायला इथं धड माणूस नाही. नुसत्या आवाजावरून बोथट दात ओळखणारा तूच होतास. कानस डाव्या हातातही बसेल, तू तर लिहायलासुद्धा शिकलास. पण यायचं की नाही, ते सर्वस्वी तू ठरव.

हे मला तोंडावर सांगता आलं असतं, कारण गुरुवारी मी भडगावला येतोच आहे. पण तुझा स्वभाव मी जाणतो. मला समोर बघितलंस की तू लगेच "जाऊ दे" म्हणशील, आणि भिकुबाई वहिनी चहा ठेवतील. तशी सोपी माफी मला नको. म्हणून आधी हे पत्र. चार दिवस मनासारखं रागावून घे. मी घरी येणार नाही, गिरणा नदीच्या काठी दुपारपर्यंत बसून राहीन. आलास तर आपण बोलू. नुसत्या शिव्या द्यायला आलास, तरी मला बरं वाटेल.

तुझाच,
नासीर