वरच्या मजल्याची पाणीपट्टी

१ मार्च १९५४
नगरपालिकेची नोटीस आली. घरोघर नळ देणार. अर्ज वीस तारखेच्या आत. पाणीपट्टी किती, तर घराला वर्षाकाठी जे भाडं येऊ शकेल त्याच्या दहा टक्के.

वा रे न्याय! घर काय पाणी पितं? आमचं घर दुमजली, माणसं दोन. महिना वीस रुपये भाडं धरून पट्टी चोवीस रुपये. समोरच्या गिरधरकडे अकरा तोंडं, पण घर बसकं, म्हणून सात रुपये तीन आणे. गटारपट्टीही त्याच हिशेबाने. म्हणजे आम्हा नवरा-बायकोचं सांडपाणी अकरा जणांपेक्षा महाग.

कुंदाला समजावलं. ती एवढंच म्हणाली, तीस वरीस मी पानी भरं, आते माले दारमा नळ पाह्यजे. बायकांना प्रिन्सिपल कळत नाही. घर सासऱ्यांनी तिच्या नावावर घेतलेलं, तेव्हा अर्जावर सही तिची लागणार. तरी तिला बजावलं, योग्य दर ठरेपर्यंत अर्ज करायचा नाही.

४ मार्च, सकाळी
स्कीम सुचली! पट्टी भांड्यांवर बसवायची. ज्याच्या घरी जितके हंडे, तितकं त्याचं पाणी. हंड्यामागे साल दोन रुपये. सत्तावीस वर्षं जकात नाक्यावर काढली, मोजणं माझ्या रक्तात आहे. आमच्या वापरात हंडे दोन, म्हणजे चार रुपये. मांडणीवरची भांडी शोभेची, ती धरायची नाहीत, असं पोटकलम घातलं.

४ मार्च, संध्याकाळी
नगरपालिकेच्या अध्यक्षसाहेबांना स्कीम वाचून दाखवली. ते फार वेळ हसले. माणूस गुणग्राहक. म्हणाले, नाना, तुमच्या आळीत मोजून दाखवा, मग सभेपुढे ठेवू. आळीत आजच दवंडीसारखं सांगून टाकलं की मंगळवारी भांडी मोजणार. कारभार उघडा हवा.

९ मार्च, मंगळवार
मोजणी पार पडली. निकाल थक्क करणारा. अभिमन सोनाराकडे माणसं नऊ, हंडे दोन. कमलबाईकडे एक कळशी, तीही गळकी. गिरधरकडे अकरा जणांत एक घागर. विचारलं, भागतं कसं? म्हणाला, नाना, आम्ही तहान मारतो. डोळ्यांत पाणी आलं. इतकी काटकसरी आळी साऱ्या खान्देशात नसेल.

आमची मागची खोली आज बंद दिसली. कुंदा म्हणाली, आत पापड वाळत घातले शेतस. दार लावून पापड कसे वाळतात, विचारणार होतो. राहिलं.

१३ मार्च
लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

अध्यक्षसाहेब स्वतः तपासणीला आले, बरोबर आकारणी कारकून हिलाल. म्हणाले, सुरुवात स्कीम काढणाऱ्याच्या घरापासून. मी ऐटीत पुढे झालो. मागची खोली उघडली. जमिनीपासून आढ्यापर्यंत हंडे, घागरी, कळश्या. नुसती चकाकी! मोजणाऱ्याचं घर कोण मोजणार, म्हणून आळीने आपली भांडी आमच्याकडे आणून ठेवलेली, आणि हिने ठेवून घेतलेली. शेजारधर्म!

हिलालने मोजली. एकशे अठरा. अध्यक्षांनी कुंदाला विचारलं, हे सगळं तुमचंच? आता ती खरं सांगेल आणि सुटू, असं वाटलं. पण आळीला उघडं पाडील ती कसली. पदर सावरून म्हणाली, मनं माहेर सोनगीरनं शे. तांबटांच्या गावची लेक, भांडी असणारच, असं म्हणत अध्यक्षांनी मान डोलावली.

माझ्याच कोष्टकाने आमची पाणीपट्टी दोनशे छत्तीस रुपये. अध्यक्षांनी स्कीमचा कागद घडी करून माझ्या हातात दिला. मी शोभेच्या भांड्यांच्या पोटकलमाची आठवण दिली, तर म्हणाले, नाना, पुरे.

१४ मार्च
आळीतल्या बायका हसत हसत आपापली भांडी घेऊन गेल्या. मी वरच्या खोलीतून खाली उतरलो नाही.

१६ मार्च
जळगावला बहिणीकडे निघालो. पळून नव्हे. तिथल्या मोठ्या वकिलाला स्कीम दाखवून सरकारकडे मेमोरियल, म्हणजे रीतसर निवेदन, धाडणार. कुंदाला पुन्हा बजावलं, अर्ज नाही म्हणजे नाही. तिने शिदोरी हातात दिली आणि दार उघडलं.

२१ मार्च, जळगाव
मुदत काल संपली. आपला अर्ज गेला नाही. तत्त्वाचा विजय! वकिलाने मेमोरियल वाचलं. मला पाणी दिलं आणि प्रकृती विचारली.

११ एप्रिल
घरी परतलो. दारात नळ! कुंदा त्याच्याखाली हात धरून उभी होती, नुसतीच. भरायला काही घेतलेलंही नव्हतं. रागावणार होतो. तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षं त्या डोक्यावर हंडा होता, हे मी कधी मोजलंच नाही. वाईट वाटलं.

मग तपासणी म्हणून दोन तांबे पाणी प्यायलो. गोड आहे.

१२ एप्रिल
आकारणीची चिठ्ठी आली. चोवीस रुपयांच्या तयारीने उघडली. पाणीपट्टी नऊ रुपये! तपशील असा: तळमजला, भाडे महिना साडेसात रुपये. वरचा मजला, जुना भाडेकरू, एक, वृद्ध. भाडे देत नाही. कायद्याने काढता येत नाही. भाडेमूल्य शून्य.

तडक हिलालला गाठलं. हा भाडेकरू कोण? तो म्हणाला, जबाब घरमालकीणबाईंचा. शिवाय मी स्वतः पाहिलंय, नाना, गृहस्थ वर बसून काहीतरी लिहीत असतात.

घरी येऊन कुंदाला जाब विचारला. म्हणाली, त्यात खोटं काय शे? भाडं देतस का तुम्ही? निंघतस का?

हरकत घ्यायला तीस दिवस आहेत. मसुदा लिहायला घेतला: मी भाडेकरू नसून घरमालकिणीचा नवरा आहे, सबब दुरुस्ती व्हावी. मग हिशेब केला. दुरुस्ती झाली तर पट्टी चोवीस.

खालून कुंदाने विचारलं, भाडेकरूले चहा कोठे धाडू? वरच धाड म्हणालो.