गरम सारणाचे बरिटो

अहो,

मी ठणठणीत आहे, लेकही बरी आहे. तुमच्या गोळ्या चालू आहेत ना? की मी नाही म्हणून सुट्टी?

आपले जावई नावाचे महापुरुष घर सोडून गेले, त्याबद्दल ही अवाक्षर काढत नाही. ऑफिसातून येते आणि कोटसुद्धा न काढता विकतचं काहीबाही उभ्यानेच खाते. म्हणून रविवारी मी बरिटो केले. मोठ्या पोळीत राजमा, भात, चीज भरून गुंडाळायचं आणि फ्रीजरमध्ये ठेवायचं. स्वस्त पडतं, आणि भूक लागली की नुसतं गरम करायचं. शाळेत नन्सनी लावलेल्या शिस्तीने एकेक कागदात बांधला, वर तारीख घातली.

एवढी शिस्त, पण सारण निवायच्या आधीच भरलं! आत वाफ कोंडली, तिचा बर्फ झाला आणि तापवल्यावर पोळीचा पार लगदा. मी म्हटलं, "टाक गं तो चिखल."

"छान झालाय की, आई," म्हणाली आणि सगळा संपवला.

अहो, पोळी जरा जाड झाली तर "हे काय, पायपोस?" म्हणून ताट सरकवणारी आपली मुलगी ही! दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तसलाच लगदा पुढे ठेवला. तोही मुकाट्याने खाल्ला.

तिने नावं ठेवली असती तर मी चार शब्द सुनावले असते. मला तेवढंच येतं. आता हिच्याशी कसं वागू, तुम्हीच सांगा.

तुमचीच,
मी