एकही अपघात न झालेला हिवाळा

चिलोए, २० ऑगस्ट

प्रिय ओतिलियाताईस,

धाकट्या एदेल्मिराचा वाकून नमस्कार आणि गालावर एक मुका. तुझे गुडघे कसे आहेत, रक्तदाब कसा आहे, आणि तुझी लेक अजून तुला वाऱ्याच्या भीतीने खिडकीजवळसुद्धा बसू देत नाही का, ते सविस्तर कळव. पुंता अरेनासचा वारा माणसाला उचलून नेतो हे मान्य, पण तुझे वजन मला माहीत आहे. इकडे सर्व क्षेम. मी ठणठणीत आहे, चूल पेटलेली आहे, माशांपेक्षा पाऊस जास्त आहे. अक्षर पाहून दचकू नकोस. थंडीत माझे अक्षर सुधारते.

पत्रास कारण की, तुला न्यायाधीश व्हायचे आहे. झाले असे. मे महिन्यात आमचे चिरंजीव नेल्सन पुएर्तो मोंतहून आले ते हातात नगरपालिकेचा रंगीत कागद घेऊन. वर मोठ्या अक्षरांत 'ज्येष्ठांसाठी हिवाळी करमणूक'. सोमवारी बिंगो, बुधवारी खुर्चीत बसून नाच आणि शुक्रवारी फुगा टोलवणे. (ताई, फुगा! मी तीन बाळंतपणे बोटीत आणि एक चर्चच्या पायरीवर काढलेली बाई, मी फुगा टोलवू?) म्हणे, "आई, हिवाळ्यापुरती माझ्या फ्लॅटवर चल. चौथा मजला, बटण दाबले की ऊब, न्हाणीघरात धरायला दांडा. त्र्याहत्तराव्या वर्षी एकटीने लाकडे फोडणे म्हणजे विषाची परीक्षा." मी म्हटले, तुझी ओतिलियामावशीसुद्धा लेकीकडे हिवाळ्यापुरतीच गेली होती, त्याला सहा वर्षे झाली, तिकडचे हिवाळे फार लांब दिसतात. तरी तो हट्ट सोडेना. कोणावर गेलाय कोण जाणे. शेवटी त्याच कागदाच्या पाठीवर करार झाला: ३१ ऑगस्टपर्यंत आईला एकही अपघात झाला नाही तर फ्लॅटचा विषय जन्मात निघणार नाही, एक जरी झाला तर आईने मुकाट्याने गाडीत बसायचे. आणि अपघात कशाला म्हणायचे यावर वाद झाला तर निकाल ओतिलियामावशीचा, कारण ती खोटे बोलत नाही. (हे कलम दोघांनाही एकदम मान्य झाले. लग्नाच्या दिवशी पाद्रीसमोर नवऱ्याला 'तुमचे कान जरा मोठेच आहेत' असे सांगणारी बाई जगात एकच.)

तेव्हा आता शांतपणे ऐक आणि निकाल दे. नगरपालिकेच्या आधीपासून या बेटाला आपली हिवाळी करमणूक आहे, आणि यंदा मी त्यातली एकही सोडायची नाही असे ठरवले होते. पूर्वी मनाला येईल तेवढीच करायचे. पण कोणी 'करू नकोस' म्हटले की माझे काय होते ते तुला माहीत आहे.

पहिली करमणूक जूनमधल्या सान हुआनच्या सणाची. आदल्या दिवशी पलंगाखाली तीन बटाटे ठेवले. तुला आठवते ना, एक सोललेला, एक अर्धा सोललेला, एक भरभराटीचा सालासकट, आणि सकाळी डोळे मिटून जो हाती येईल तसे वर्ष जायचे. मी यंदा तिन्ही सालासकटच ठेवले. नशिबाला सुद्धा थोडी मदत करावी लागते. सकाळी सालासकटचा बटाटा हाती आला (आनंद झालाच, का होऊ नये?) आणि त्या उत्साहात मी काठी घेऊन परसातल्या सफरचंदाच्या झाडाला झोडपायला निघाले. चार वर्षे फळ नाही, नुसते शेवाळ वाढवून बसलेय. अशांना सान हुआनच्या सकाळी मार द्यायचाच असतो. झाडाला म्हटले, लाज बाळग, शेजारची बाल्दोविनोची झाडे बघ. चौथ्या फटक्याला काठी मोडली आणि मी चिखलात बसले. पडले नाही, बसले. पडणे म्हणजे मनाविरुद्ध. मी तशीही दमलेच होते, आणि बसल्या बसल्या उरलेल्या काठीने झाडाला आणखी सहा दिले.

दुसरी करमणूक जुलैतल्या मोठ्या ओहोटीची. समुद्र इतका मागे गेला होता की आपल्या लहानपणीचा तो बैलाएवढा खडकसुद्धा उघडा पडला. अख्खे गाव शिंपल्या-तिसऱ्या खणायला वाळूत उतरले. पोरी हसत होत्या, कोणीतरी अकॉर्डियन आणले होते, पाऊस तिरका लागत होता. असा दिवस बटण दाबून येत नाही, ताई. मी टोपलीभर तिसऱ्या काढल्या आणि जरा पुढे, जिथे कोणी जात नाही तिथे गेले. (कोणी का जात नाही ते मला नंतर कळले.) उजवा गमबूट गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला. डावा त्याला सोडवायला गेला, तोही रुतला. इकडे भरती सुरू. बाल्दोविनो बारिया बैलजोडी घेऊन समुद्रशेवाळ ओढायला आला होता, तो किनाऱ्यावरून ओरडला, "वहिनी, हलू नका!" मी म्हटले, "हलता आले असते तर इथे तुझी वाट बघत उभी राहिले असते का रे, शहाण्या?" मग त्याने माझ्या काखेखालून दोर घातला, बैलांना हाक दिली आणि मी बाहेर आले. एक गमबूट गेला. टोपली हातातून सुटली नाही. बैलांनी ओढलेली प्रत्येक गोष्ट अपघात असेल, तर या बेटावरची अर्धी घरे अपघातच म्हणायला हवीत, कारण तीही बैलांनीच ओढून इकडची तिकडे नेलेली आहेत.

पण बाल्दोविनोच्या बायकोने, आर्मेलिंदाने, फोनवर फोटो काढला. (जिच्या घरी मी चाळीस वर्षे दर हिवाळ्यात आमच्या डुकरातल्या वाट्याचे, योकोचे, ताट पोचवते ती ही बाई! आपलेच दात, आपलेच ओठ.) फोटोत मी दोराला लटकलेली, पाठीमागे समुद्र, पुढे बैलांचे पार्श्वभाग. तो फोटो माझ्या आधी पुएर्तो मोंतला पोचला.

नेल्सन ऑगस्टच्या सहा तारखेला आला, रिकामी सुटकेस घेऊन. दारातच म्हणाला, "आई, हा अपघात नाही तर काय आहे?" मी म्हटले, वाहतूक. म्हणाला, "पडलो तरी नाक वर!" मी म्हटले, नाक वर होते म्हणूनच पाणी गेले नाही. तो कपाट उघडून माझे लोकरी मोजे भरायला लागला, ते मात्र मला बघवेना. खरे सांगते. ते मोजे मी याच चुलीपाशी विणलेले, आणि तो ते असे भरत होता की जणू मी गेलेच आहे. पण त्याच दिवशी आमचे डुक्कर कापले होते. सकाळपासून कढईत चरबी उकळत होती, किसलेल्या बटाट्यांचे मिलकाओ तळणे चालू होते, आणि अकरा घरांचा योको जायचा होता. मी म्हटले, बाबा रे, जूनपासून अकरा घरांनी त्यांचे डुक्कर कापल्यावर माझ्याकडे ताट पाठवले. मी ताटे परत न करता पळाले तर तुझ्या बापाचे नाव घेऊन लोक थुंकतील. आधी योको पोचव, मग मोजे भर.

आणि पोरगा गेला, ताई! शहरी बुटांत, पावसात, दोन्ही हातांत ताट. दहा घरे झाली. अकरावे घर बाल्दोविनोचे. त्यांच्या ओल्या लाकडी पायऱ्यांवरून तो असा घसरला की आवाज माझ्या स्वयंपाकघरात आला. घोटा मोडला. पण ताट! ताट त्याने छातीवर आडवे धरले होते, एक मिलकाओ खाली पडू दिला नाही. आर्मेलिंदाने आधी ताट घेतले, मग त्याला उचलले, योग्यच केले. मला रडू आले. सात वर्षे त्या चौथ्या मजल्यावर राहूनही त्याचे काही बिघडलेले नाही, एवढे मला त्या ताटावरून कळले.

आता चिरंजीव प्लास्टरमध्ये चुलीशेजारी पडून आहेत आणि करार वाचत आहेत. त्यांचे म्हणणे, 'अपघात तुझ्या घरापायी झाला.' माझे म्हणणे, करारात 'आईला' असे लिहिले आहे, आणि पडले ते चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ. (हे वाक्य कागदावर उतरायला फार वेळ लागला, का, ते विचारू नकोस.) त्याने फुगा टोलवला असता तर पाय शाबूत राहिला असता, हेही मी त्याला सांगितले. तेव्हा न्यायाधीशबाई, साऱ्या घटना जशा घडल्या तशा तुझ्यापुढे ठेवल्या आहेत, काही लपवलेले नाही.

तुझी धाकटी, आणि ३१ ऑगस्टनंतरही याच पत्त्यावरची,
एदेल्मिरा

ता. क. काही लपवलेले नाही म्हणजे निकालाला लागेल तेवढे लपवलेले नाही. नेल्सनने फोनवर काही भलतेसलते विचारले तर 'पत्रात जेवढे आहे तेवढेच मला माहीत' म्हण. हे खोटे होत नाही.

ता. क. २. सहा वर्षे मी तुझाही योको वेगळा काढते आणि धुरावर टांगते. (ईस्टरपर्यंत वाट पाहून मग मीच खाते, पण काढते.) इथल्या तुझ्या बंद घराची खिडकी मी दर रविवारी उघडते. योको परत करायचा असतो, हे तुला मी सांगायला हवे का? तिकडे लेकीच्या फ्लॅटमध्ये डुक्कर कुठे कापशील? निकाल पोस्टाने नको. घेऊन ये.

ता. क. ३. मावशी, मी नेल्सन. अक्षर पहिल्या ओळीपासून माझेच आहे; आईचे अक्षर कोणत्याच ऋतूत सुधारत नाही. ती कुंपणाशी आर्मेलिंदाकाकूंशी भांडायला गेली आहे, तेवढ्यात लिहितो. मी पडल्याचा आवाज ऐकून ती सपाता घालून धावत आली आणि त्याच पायरीवरून घसरली. उजवे मनगट मोडले आहे. एकाच बैलगाडीतून आम्हा दोघांना दवाखान्यात नेले. तेव्हापासून मी बटाटा धरतो, ती डाव्या हाताने सोलते आणि मला बटाटा धरता येत नाही म्हणून शिव्या देते. दोन आठवड्यांत चौथ्या मजल्यावरून एकानेही पायाची चौकशी केली नाही. इथे अकरा घरांतून ताटे आली, आता ती परत करायला आम्हाला आणखी एक डुक्कर लागेल. करारात माझ्या घोट्याबद्दल काही नाही, तिच्या मनगटाबद्दल आहे. पण मी तिच्या हाताचे प्लास्टर पाहिलेलेच नाही, असे मी ठरवले आहे. तू आयुष्यात कधी खोटे बोलली नाहीस, मावशी. म्हणजे तुझ्या वाट्याचे सगळे शिल्लकच असेल. त्यातले एक दे.