न कापलेली जोडचादर

१२ मार्च १९७३
तक्ता पुरा झाला. तीन वर्षांची विक्री, मालवार आणि गाववार. टॉवेल वर चाललाय, साधी चादर होती तिथेच, जोडचादर तळाला. सांगोला, करकंब, वळसंग, कुठेच उठाव नाही. भावजींना दाखवला. चष्मा पुसून दोनदा पाहिला. "अत्तिगे, हातमाग बंद करू. त्या जागी टॉवेलचे यंत्रमाग घालू." हे गेल्यावरही भावजी मला वहिनी म्हणत नाहीत, घरच्या कानडीतलं अत्तिगेच. बरं वाटतं. आज वाटलं नाही.
नळाला आजही पाणी नाही.

१४ मार्च
निर्णय आकड्यावर घ्यायचा, मनावर नाही, हे या घरात मी आणलं. कॉलेजात संख्याशास्त्र शिकून आलेली सून. हे नुसता कापडाला हात लावायचे आणि सांगायचे, हे खपेल. बहुतेक खपायचं. जे नाही खपलं ते कोणी लिहून ठेवलं नाही, म्हणून खपलेलंच लोकांच्या लक्षात.
जोडचादर यांची. दोन चादरी एका लांबीत, धोतरजोडीसारख्या, मधल्या दशा न कापलेल्या. लग्नघरी नेऊन तिथेच कापायच्या. एक मुलीला, एक जावयाला. किनार यांनी काढली, आमचं लग्न नवं होतं तेव्हा. म्हणूनच या बाबतीत माझ्या मताला भावजींनी किंमत देऊ नये. मीही देऊ नये.

१९ मार्च
हातमागावर गेले. मल्लेशम जोडच विणतोय. यांच्या वेळचा माणूस, ती किनार त्याच्याच हातची. बाकीचे विणकर एकेक करून गेले, हा राहिला. मी आले की माग थांबवायचा नाही अशी त्याला ताकीद आहे, तरी थांबवला.
"अम्मा, कागदात आमचं काय निघालं?"
म्हटलं, फारसं चांगलं नाही.
"धनी असते तर कागद बघितलाच नसता."
"धनी असते तर मी त्यांनाही दाखवला असता."
हसला. मग परत खटखट सुरू.

२७ मार्च
सांगोला. एस.टी.त धूळच धूळ. आपला माल ठेवणारे दुकानदार एकटेच बसलेले, बाहेर टँकरसाठी घागरींची रांग. एक बाई सुईदोरा घ्यायला आली. पन्नाशीची असेल. कपाटातली जोडचादर दाखवून विचारलं, ही आता आवडत नाही का तुमच्याकडे?
"आवडायला काय झालं? लई चांगली हाय की. पर लगीन कुटं हाय? पोरीचं जमलं हुतं. याही म्हनला, पाऊस पडू द्या. पोरगी खडी फोडाया जातीया. चादर काय खडीवर हातरू?"
मग सुईदोरा कनवटीला लावत, "तुमी इकाया आलाय व्हय?"
नाही, विचारायला.
"इचारून काय व्हतं, बाई?"
पैसे देऊन ती घागरींच्या रांगेकडे गेली. 
परतताना तक्ता डोळ्यांपुढे. विक्रीचा आकडा म्हणजे दुकानाची पायरी चढलेल्यांचा आकडा. चादर नको असलेली बाई आणि लग्न अडलेली बाई, आमच्या कागदावर दोघींचं शून्य सारखंच. तीन वर्षं घेतली, त्यातली कुठली कोरडी हे माहीत असूनही मांडलं नाही. पाऊस कापडाच्या तक्त्यात कशाला, असं...

२८ मार्च
भावजींना सगळं सांगितलं.  शेवटी म्हणाले, "एका बाईचं बोलणं म्हणजे आकडा नव्हे, अत्तिगे. हे तुम्हीच मला शिकवलंत. दादा असंच काही सांगायचे तेव्हा तुम्ही हसायचात."
हसायचे.
म्हटलं, बरोबर. मग नीट विचारू. सगळ्या दुकानदारांना कार्ड टाकते. चादर किती खपली हे नाही, गावात लग्नं किती झाली हे. अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत दिली. तोवर हातमागावर नव्या सुताचा ताणा लावायचा नाही, ही त्यांची अट. धंदा म्हणून योग्यच. मान्य केली.

१० एप्रिल
दोन कार्डं आली. दोन पुरेशी नाहीत.
दुपारी मल्लेशम दारात. बायको मागे, गाठोडं. भिवंडीला निघालाय, मेव्हणा आहे तिथे. मागावरचा ताणा संपत आलेला, पुढचा मिळणार नाही हे त्याला कळलंय. एक चादर पुरी, दुसरी अर्धी.
मी म्हणाले, थांब, अजून उत्तरं यायची आहेत.
"येऊ द्या, अम्मा. पाऊस पण येईल. पोट त्याच्या आधी येतं."
बसवून पगार देण्याची पद्धत आमच्याकडे नाही. पाणी प्यायला दिलं. त्याच्या बायकोने भांडं विसळून उपडं ठेवलं.

२१ एप्रिल
बहुतेक सगळी उत्तरं आली. वेगवेगळ्या हातांची, मजकूर एकच. लग्नं पुढे ढकलली. करकंबच्या दुकानदाराने लिहिलंय, बँडवाले दुष्काळी कामांवर माती उचलतायत. टॉवेल मात्र खपतो, कामावर डोक्याला बांधायला. म्हणजे आमचा चढता टॉवेलही दुष्काळाचाच. भावजींनी कार्डं वाचली, परत वाचली. "राहू दे हातमाग. एक पाऊस बघू."
मिळालं. ज्याच्यासाठी मागितलं तो भिवंडीत.

६ ऑगस्ट
पाऊस चांगला. कौलं गळतात, तक्रार करवत नाही.

२२ नोव्हेंबर
तुळशीची लग्नं झाली आणि मागण्या सुरू. सांगोला, वळसंग, आज करकंब. "जोडच पाठवावी, सुटी नको." दोन वर्षांची थांबलेली लग्नं एकदम. भावजींनी कार्ड माझ्यासमोर ठेवलं. "तुमचं बरोबर होतं, अत्तिगे." बरोबर असण्याचं सुख काही झालं नाही. ती सांगोल्याची बाई आठवली. तिच्या मुलीचं झालं असेल का, कळायला मार्ग नाही. नाव विचारलंच नव्हतं.

३ डिसेंबर
मल्लेशमच्या मागावर दुसरा विणकर बसवून पाहिला. चांगला हात आहे, पण वेगळा. अर्ध्या चादरीपासून पुढे किनार ओढली जाते, जोड जुळत नाही. विणलेलं उसवायला लावलं. 
भिवंडीचं उत्तर नाही. मेव्हण्याच्या पत्त्यावर लिहिलं होतं.

१२ डिसेंबर
भिवंडीहून आलेल्या कोणाकडून कळलं, मल्लेशम यंत्रमागावर आहे. टॉवेल विणतो.
भावजी म्हणाले, मागावरची पुरी झालेली चादर कापून घेऊ, निदान एक तरी विकली जाईल. नको म्हटलं. लोकांनी सुटी मागितलेली नाही. वाद घातला नाही त्यांनी. मागाजवळ थोडा वेळ उभे राहिले, कापडाला हात लावून. अगदी यांच्यासारखे.
भिवंडीला पुन्हा पत्र टाकलं. पहिल्यात विचारलं होतं, केव्हा येतोस. या वेळी विचारलं, यायला तुला काय लागेल.
अर्ध्या चादरीवर धूळ बसते. यांचं एक धोतर काढून मागावर घातलं.